ओल्या रेघेजवळ

माझ्या नातीला आम्ही लहानपणापासून भिंगरी म्हणतो. एका जागी बसलेली ती मला आठवतच नाही. पण या वेळी ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या फिरण्यात काहीतरी निराळं होतं. ते काय, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टच्या परीक्षेला दोन आठवडे उरले होते. हॉस्टेलच्या खोलीत तिघी जणी, तिघींचे तीन कॉम्प्युटर आणि तिघींची तीन तऱ्हेची गाणी. शेवटी तिच्या आईनं, म्हणजे माझ्या मुलीनं, मला फोन केला. "आई, तिला तुझ्याकडे पाठवते. तुझ्याकडे शांतता आहे, आणि तुला त्यातलं कळतंही."

मला त्यातलं कळतं, ही आमच्या घरातली जुनी समजूत. मीही तेच शिकले. कॉलेज संपल्यावर तीन वर्षं एका ऑफिसात शाईनं नकाशे काढले, मग नोकरीची बाकीची सगळी वर्षं बांधकामांवर उन्हातान्हात घालवली. नकाशे का सोडलेस, असं कुणी विचारलं की मी "डोळे दुखायचे" म्हणायचे. हे इतक्यांदा म्हटलं, की मुलगी शाळेत असताना मला गाजरं खायला लावायची. माझे डोळे कधीच दुखले नाहीत. चष्मासुद्धा साठी उलटल्यावर लागला.

भिंगरीनं माझं जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. मी ताट मांडीवर घेऊन जेवू लागले. तिचं काम मी लांबून पाहायचे. बरंचसं समजायचं, काही समजायचं नाही. रेंडर म्हणजे काय ते तिनं समजावून सांगितलं. इमारत सगळी काढून झाली, की कॉम्प्युटर तिचं खऱ्यासारखं चित्र तयार करतो, ऊन-सावलीसकट. त्याला वेळ लागतो. पडद्याच्या तळाशी एक पट्टी हळूहळू भरत जाते. ती भरेपर्यंत कशाला हात लावायचा नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

"मग तू काय करतेस तोवर?" मी विचारलं.

"काही नाही. जरा पाय मोकळे करून येते."

मागच्या जिन्यानं ती खाली जायची. आठ-दहा मिनिटांनी वर यायची, साबणानं हात धुवायची, तोंडात पुदिन्याची गोळी टाकायची. तो साबण माझ्यासाठी फुकट होता. तीन वर्षांपूर्वी एका तापात माझं नाक गेलं ते गेलंच. दूध करपलं तरी मला डोळ्यांनीच कळतं.

मला कळलं ते तिच्या हातावरून. तिसऱ्या दिवशी सकाळी मी समोर बसून शेंगा सोलत होते. तिनं बटण दाबलं. पट्टी भरायला लागली. ती अजून खुर्चीतच होती, डोळे पडद्यावरच होते, आणि तिचा उजवा हात आपला आपण उठून जाकिटाच्या खिशाकडे गेला. मालकीण जागची हललीही नव्हती. हात मात्र निघाला होता.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

ती वर आली तेव्हा मी विचारलं, "किती ओढतेस दिवसाला?"

ती हात पुसत होती. थांबली. मग खुर्चीत बसली, परत उठली. "आईनं सांगितलं?"

"आईला ठाऊक आहे?"

"नाही. अजिबात नाही. आजी, तिला सांगू नकोस हं. ती आकाशपाताळ एक करेल."

"किती?"

"पाच. कधी सहा. परीक्षा आहे म्हणून. आणि मला तशी लागत नाही गं. सुट्टीत महिनाभर घरी होते ना, एकदासुद्धा आठवण नाही आली. सवय असती तर आली असती की नाही? मी कधीही सोडू शकते."

ती आणखी काय काय बोलत होती. मला पुढचं ऐकू आलं नाही. हीच वाक्यं, ह्याच क्रमानं, मी एकदा म्हटली होती. दगडी पायरीवर बसून, लंबूला.

दुपारभर मला घरात कुठे टेकवेना. कपाट आवरायला काढलं आणि तसंच सोडलं. झाडांना दोनदा पाणी घातलं.

आमच्या वेळी कॉम्प्युटर नव्हते. ड्रॉइंग बोर्डावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं, त्यावर खडूची पूड फिरवून पुसायची, आणि मग रुलिंग पेननं शाईच्या रेघा. रुलिंग पेन म्हणजे दोन पोलादी पाती. मध्ये शाईचा एक थेंब सोडायचा, बाजूचा स्क्रू फिरवून रेघेची जाडी ठरवायची. थेंब मोठा झाला तर ओघळ, लहान झाला तर रेघ अर्ध्यात संपणार. नीट ओढलेली जाड रेघ कापडावर फुगून बसायची, मुंगीच्या पाठीसारखी चमकायची. चमक गेली म्हणजे वाळली. तोवर सेट स्क्वेअर हलवायचा नाही, बाही टेकवायची नाही, कापडावर घाम पडू द्यायचा नाही.

आम्हाला हे शिकवणारे सर पाठीनं इतके ताठ होते, की आम्ही त्यांना काटकोन म्हणायचो. काटकोन सरांचा एकच नियम होता. ओल्या रेघेजवळ बसायचं नाही. "हात शिवशिवतो," ते म्हणायचे. "माणूस शहाणा असतो, हात नसतो. रेघ ओढली की उठा आणि बाहेर चालते व्हा." जागेवर रेंगाळलेल्याला ते पट्टीनं खांद्याला टोचून उठवायचे. नियम बरोबरच होता. आमच्या वर्गात शीट बिघडण्याचं प्रमाण सगळ्या कॉलेजात कमी होतं.

पण बाहेर जाऊन करायचं काय? बाहेर दगडी पायऱ्या होत्या. तिथे आधीची मुलं बसलेली असायची, आणि ती काय करायची ते मी सांगायला नको. आम्ही मुली चौघी होतो. तिघी एका खांबाशी उभ्या राहायच्या. मला उभं राहायचा कंटाळा. मी पायरीवर बसले, आणि शेजारी लंबू होता.

लंबूचा बोर्ड माझ्या बोर्डाला लागून. उंची एवढी, की स्टुलावर बसला की गुडघे हनुवटीला लागायचे. त्यानं पहिल्यांदा सिगारेट पुढे केली तेव्हा मी ती घेतली, कारण दहा मिनिटं होती आणि माझ्या हातांना काही काम नव्हतं. यापेक्षा मोठं कारण मी पुढे पुष्कळ शोधलं. सापडलं नाही. एक झुरका घेतला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकले.

"असू दे," लंबू म्हणाला. "पहिली रेघ कुणाचीच सरळ येत नाही."

दुसरीही आली नाही. पंधरावीच्या सुमाराला आली. मग पायऱ्यांवर आमची भाषाच निराळी झाली. कुणी विचारायचं, "तुझं दर्शनी अंगाचं ड्रॉइंग किती राहिलं?" तर उत्तर यायचं, "सहा सिगारेटींचं." जिन्याचा छेद चार सिगारेटींचा. दरवाजाचा तपशील दीड. काटकोन सरांनी हे ऐकलं होतं आणि ते हसलेही होते, कारण हिशेब बरोबर यायचा.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी दोन महिने घरी होते. ना बोर्ड, ना शाई, ना पायऱ्या. एकदाही आठवण झाली नाही. म्हणून परत आल्यावर मी लंबूला ऐटीत सांगितलं, "मला लागत नाही बघ. मी कधीही सोडू शकते." तो म्हणाला, "मग आता नको घेऊस." मी म्हटलं, "आता कशाला सोडू, आता तर लागत नाही." आम्ही दोघंही यावर खूप हसलो.

त्याच दिवशी वर्षातली पहिली रेघ ओढली. ती चमकायला लागली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खरं पाणी, चिंच पाहून सुटतं तसं.

पुढे जे झालं ते इतकं हळू झालं, की मला वाटतं त्यातल्या एकाही दिवसावर बोट ठेवता येणार नाही. ड्रॉइंगचा एक क्रम असतो. आडव्या रेघा वरून खाली, उभ्या डावीकडून उजवीकडे. म्हणजे एक रेघ वाळतेय तोवर दुसरीकडे काम चालू ठेवता येतं. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की मी क्रम मोडतेय. मुद्दाम मधली रेघ आधी घेतेय, म्हणजे अडकायला होईल आणि उठावं लागेल. मी माझ्याच वाटेत ओल्या रेघा टाकत होते. दोन दिवसांची शीट मला चार दिवस लागायला लागली. काटकोन सर एकदा मागे उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमचा हात चांगला आहे, पण तुम्हाला घाई कसली असते ते कळत नाही." मला घाई होती ती उठायची. नंतर नंतर पेन्सिलीच्या कामातही उठावंसं वाटू लागलं, ज्यात वाळायला काही नसतंच. मग सकाळी दात घासायच्या आधी. आणि तिसऱ्या वर्षाअखेरीस मला कळलं, की सकाळची पहिली घेतल्याशिवाय पेन धरलं तर रेघेला बारीकशी लहर येते. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. मला दिसायची.

यातलं काही मी भिंगरीला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही. सांगायला तोंड उघडायचे आणि मुलगी आठवायची, तिची गाजरं आठवायची, आणि मी दुसरंच काही बोलायचे.

पाचव्या दिवशी भिंगरी हातात एक कागद नाचवत आली. "आजी, मेले मी. हे बघ." कॉलेजची सूचना होती. प्रोजेक्टमधली एक शीट हातानं, शाईनं काढलेली हवी. जुनी प्रथा, म्हणे. पंचवीस गुण. तिनं एक शाईचं पेन आणलं होतं, त्याचं टोक पहिल्याच दिवशी तुंबलं. "आई म्हणाली, तुझ्याकडे तुझी पेनं आहेत अजून. आणि तू म्हणे ऑफिसात सगळ्यांत भारी होतीस."

"डोळे," मी म्हटलं.

"डोळे माझे वापर. तू नुसतं सांग."

पेनांची पेटी कपाटात सगळ्यात वर होती. मला जागा माहीत होती, कारण अठ्ठेचाळीस वर्षांत प्रत्येक घर बदलताना ती मीच हातानं नेऊन ठेवली. उघडली कधी नाही. आता उघडली तर निळ्या मखमलीत पाती तशीच, तेलाचा हात लावून ठेवलेली, एकाही पात्याला गंज नाही. माझं मलाच कौतुक वाटलं आणि लगेच भीतीही वाटली.

भीती कसली होती ते सांगते. मुलीसमोर उघडं पडायची भीती होतीच, पण ती लहान. मोठी भीती ही, की ही पोर माझ्याच वाटेनं चालली आहे. सिगारेट तिच्या कामाला चिकटते आहे. आणि एक दिवस तिला दोन्हींतलं एकच ठेवता येईल. माझं तसंच झालं होतं.

"एका अटीवर शिकवीन," मी म्हटलं. "रेघ ओली असेपर्यंत जागेवरून उठायचं नाही."

"हे काय? मग करायचं काय?"

"बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

"आजी, तू ही अट तेवढ्यासाठी घालतेयस ना? सिगारेटसाठी?"

"हो."

तिनं तोंड वाकडं केलं. पंचवीस गुण होते, म्हणून बसली.

बोर्ड तिनं मैत्रिणीकडून आणला. ट्रेसिंगचा कागद ताणून बसवला. खडूची पूड फिरवली. थेंब सोडायला शिकवलं, तेव्हा पहिले तीन थेंब तिनं स्वतःच्या अंगठ्यावर घेतले. सेट स्क्वेअरच्या खालून दोन चपटी बटणं चिकटवायची युक्ती सांगितली, म्हणजे कड कागदापासून जरा उचललेली राहते आणि शाई खाली ओढली जात नाही. ती खूश झाली. "ही युक्ती यूट्यूबवर नाहीये," म्हणाली. रेघ चांगली ओढली तिनं. हात आहे पोरीला.

रेघ चमकायला लागली. आम्ही बसलो.

दमट हवा होती. वाळायला वेळ लागणार होता. एक मिनिट तिनं रेघेकडे पाहिलं. मग तिचा पाय हलायला लागला, टेबल हलायला लागलं. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग तिनं केस बांधले, सोडले, बांधले. नखाखालची शाई काढली. खिडकीकडे पाहिलं. फोन उचलला, मी पाहिल्यावर ठेवला.

"किती वेळ झाला?"

"तीन मिनिटं."

"खोटं."

पहिली रेघ वाळली. दुसरीही तिनं कशीबशी बसून काढली. तिसऱ्या रेघेला ती म्हणाली, "वाळली वाटतं," आणि मी हं म्हणायच्या आत तिनं सेट स्क्वेअर सरकवला.

रेघ फाकली. काळा पंखा झाला, बोटभर लांब.

तिनं सेट स्क्वेअर टेबलावर आपटला. "बघ. हे तुझ्या अटीमुळे. मी बाहेर गेले असते तर झालं असतं का हे?"

"नसतं झालं," मी म्हटलं. खरंच नसतं झालं.

"मग? मला एक हवीये, आजी. मी आता जाते आणि मग परत येऊन नीट करते. मी लहान नाहीये. तुला हे काय असतं ते कळणारच नाही, तू कधी..."

"पाकीट दे," मी म्हटलं.

"जप्त करणार? शाळेतल्यासारखं?"

"दे तर."

तिनं खिशातून पाकीट काढून टेबलावर टाकलं. मला ते फक्त बाजूला ठेवायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पण ते हातात आलं आणि पुढचं मी केलं नाही. हातानं केलं. अंगठ्यानं झाकण उघडलं, एक सिगारेट नखानं वर ढकलली, दोन बोटांत घेतली, आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर तीनदा ठोकली. टक, टक, टक. आमच्या सिगारेटींना फिल्टर नसायचा, तंबाखू खाली बसावी म्हणून ठोकायचो. मग मनगट वळवून ती ओठांकडे निघाली.

अर्ध्या वाटेत मी थांबले. हात हवेतच राहिला.

भिंगरीचा पाय हलायचा थांबला होता. ती माझ्या हाताकडे बघत होती, जसं काही तो टेबलावर कुणी आणून ठेवलाय.

"आजी," ती हळू म्हणाली. "तू?"

"अठ्ठेचाळीस वर्षं झाली."

"आईला माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगितलंस तर मी पण सांगेन."

तिला हसू आलं. मलाही आलं, पण माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि गिळावं लागत होतं. नाक मेलेलं असून. ती फाकलेली रेघ अजून ओली होती, चमकत होती, आणि माझं सगळं अंग उठून पायऱ्यांवर जायला बघत होतं. त्या पायऱ्या आता शिल्लकही नसतील.

मग मी तिला सांगितलं. पायऱ्यांपासून सांगितलं, लंबूसकट. ऑफिसातलं सांगितलं. तिथे मी शाईचं सगळ्यात अवघड काम करायचे. एका दवाखान्याच्या इमारतीचा मोठा नकाशा माझ्याकडे होता, तीन आठवड्यांचं काम होत आलेलं. मध्येच मला फुप्फुसांची सूज आली, आठ दिवस अंथरुणात, सिगारेट बंद. परत आले तेव्हा वाटलं, आठ दिवस झालेच आहेत, सोडूनच देऊ. रेघ ओढली आणि उठले नाही. बसून राहिले. हात शिवशिवला. रेघ फाकली. ब्लेडनं खरवडली, परत ओढली, परत फाकली. तिसऱ्यांदा खरवडताना कापडाला भोक पडलं.

"मग? बॉस ओरडला?"

"नाही. तो फक्त म्हणाला, घरी जा. मी घरी नाही गेले. दुकानात गेले, पाकीट घेतलं, आणि बारा दिवसांत तो नकाशा पहिल्यापासून नवा काढला. इतकं सुंदर काम मी आधी कधी केलं नव्हतं. सगळं ऑफिस बोर्डाभोवती जमलं होतं. लंबू तोवर त्याच ऑफिसात आला होता. म्हणाला, ही शीट काचेत लावायला हवी."

"भारीच की."

"मला भीती वाटली. मला वाटलं, रेघ माझ्या हातात नाहीये. पाकिटात आहे. पुढच्या आठवड्यात मी साहेबांकडे जाऊन बांधकामावर बदली मागितली. तिथे विटा, वाळू, चालणं. ओली रेघ नाही. पहिले दोन महिने मी इतकी चालले, की चपलांचे दोन जोड झिजले. सुटली. पण पेन परत धरलं नाही. धरलं की हवी होणार, हे माहीत होतं."

"आणि ते डोळे?"

"डोळे नव्हतेच दुखत."

तिनं अंगठ्यावरची शाई पुसली. मग म्हणाली, "म्हणजे तू सगळ्यात भारी होतीस आणि सोडून दिलंस."

"हो."

"सिगारेटसाठी."

मी कधी त्याचं असं वाक्य केलं नव्हतं. सिगारेट सोडली, असंच मी मनात म्हणत आले होते. मी सिगारेट परत पाकिटात घातली. ती जाईना, टोक वाकलं होतं. भिंगरीनं माझ्या हातातून घेतली आणि नीट बसवली. पाकीट तिनं आपल्या खिशात नाही ठेवलं. टेबलावर ठेवलं, शाईच्या बाटलीशेजारी. तिला ते नजरेसमोर हवं होतं, की माझ्यापासून लांब ठेवायचं होतं, मी विचारलं नाही.

पंखा वाळल्यावर ब्लेडनं कसा खरवडायचा ते मी तिला दाखवलं. पातं आडवं धरून, फुंकर मारत, घाई न करता. डाग नव्वद टक्के गेला. दहा टक्के राहिला.

ती शीट चार दिवस चालली. खोटं कशाला सांगू, ती काही शहाण्या मुलीसारखी सगळ्या रेघांना बसली नाही. काही रेघांना बसली. काहींना दोन मिनिटं बसली आणि पाकीट उचलून जिन्याकडे गेली. गेली तर मी तिला अडवलं नाही, नुसती रेघ राखत बसले. एकदा ती दारापर्यंत जाऊन परत आली आणि म्हणाली, "तुला एकटीला सोडून जायला मला भीती वाटते. तूच एखादी काढून ओढशील." मी म्हटलं, "पाकीट तर तूच घेऊन चाललीस." ती म्हणाली, "तुझा काही भरवसा नाही," आणि बसली. आम्ही दोघीही हात मांड्यांखाली दाबून बसलो. कुणी आत आलं असतं तर म्हणालं असतं, या बायांना कुणी शिक्षा केली आहे.

मधेच तिनं विचारलं, "लंबूचं काय झालं?"

"ऑफिसातच राहिला शेवटपर्यंत. नकाशे फार सुंदर काढायचा."

"आणि?"

"आणि साठीही गाठली नाही."

ती पट्टी घेऊन शीटच्या खालच्या कोपऱ्यातली चौकट आखायला लागली.

परीक्षा झाली. परीक्षकांनी शाईच्या शीटवरच्या डागावर बोट ठेवून हे काय, असं विचारलं. तिनं सांगितलं, "घाई केली." पंचवीसपैकी अठरा मिळाले. ती सुटकेसा घेऊन हॉस्टेलवर गेली, टेबल मला परत मिळालं, आणि घर एवढं शांत झालं, की मलाच पाय मोकळे करावेसे वाटू लागले.

आज तिचा आईच्या घरून फोन आला. नोकरीच्या मुलाखतीसाठी ती पोर्टफोलिओ तयार करतेय. मी थेट विचारलं, "आज किती?"

"तीन."

"रेंडर होते?"

"पाच होते. पहिल्या रेंडरला मी बसले, आजी. अकरा मिनिटं होती. कीबोर्डमधला सगळा कचरा काढला टूथपिकनं. इतका कचरा निघाला. दुसऱ्यालाही बसले. मग तिसऱ्याला गेले."

"चौथ्याला?"

"गेले."

"बरं."

"तू ओरडत का नाहीस?"

"ओरडून रेघ लवकर वाळते का?"

पलीकडे ती हसली. मग म्हणाली, "आई आहे इथे. देऊ?" आणि आवाज खाली आणून, "सांगितलं नाहीये हं मी. तुझं पण आणि माझं पण."

"तुझं तू ठरव. माझं मी सांगते," मी म्हटलं. "दे तिला."

मुलीला सांगायला मला दोन मिनिटं लागली. मग तिनं विचारलं, "मग ती गाजरं का खात होतीस एवढी?" मी म्हटलं, "तू प्रेमानं आणायचीस म्हणून." "उद्या येते," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. रागावली आहे की रडली, मला माहीत नाही.

फोन ठेवल्यावर मला पुन्हा कुठे टेकवेना. पेनांची पेटी भिंगरीनं माझ्याकडेच ठेवली आहे, शाईची बाटली अर्धी उरलीये. मी टेबलावर कागद बसवला. थेंब सोडला. स्क्रू फिरवला. डावीकडून उजवीकडे, हातभर लांब एक रेघ ओढली. सुरुवातीला बारीकशी लहर आली, मग सरळ झाली. मी हात मांड्यांखाली घेऊन बसले.

तल्लफ आली. यायचीच होती. तोंडाला पाणी सुटलं, पाय जमिनीवर थापट्या मारायला लागले, खिडकीखाली कुणी जिना उतरत होतं त्याचा आवाज ऐकून मी अर्धी उठलेसुद्धा. परत बसले. रेघेची चमक एका टोकाकडून विझत विझत गेली.

रेघ आधी वाळली. तल्लफ नंतर, बरीच नंतर गेली. मी कागद फिरवला आणि दुसऱ्या रेघेसाठी थेंब सोडला.